भावाचा रकाना

ओर्मोकच्या धक्क्यामागे माझं दुकान आहे,
खिडकीएवढं, जाळी लावलेलं.
साबणाची अर्धी वडी, शांपूची पुडी,
एक सिगारेट, एक अंडं.
इथे सगळं सुटं मिळतं,
कारण येणाऱ्याकडे पैसेच सुटे असतात.

उधारीच्या वहीत चार रकाने होते :
नाव, जिन्नस, रक्कम, सही.
त्या वर्षी मी पट्टी घेऊन पाचवा आखला,
एका बैठकीत, शेवटच्या पानापर्यंत.
मोत्याचा आजचा भाव.

समुद्रातला मोती नव्हे.
मोबाइलमध्ये दिवेमासे पोहायचे,
झुंजवले की मोती पडायचे,
आणि रोजचं ठरलेलं काम केलं
की हरा, जिंका, वरून पन्नास.
सहा मोत्यांना किलो तांदूळ.
मी स्वतः मापून दिलाय.

वेन्सेस्लाओनं तेव्हाच तीनचाकी विकली.
टपावर लेकीचं नाव होतं, निळ्या अक्षरांत,
फ्लोर्देलिसा.
तीन चाकांचे तीन मासे आले.
त्या रात्री त्यानं गल्लीला थंड पेय पाजलं,
बाटल्या माझ्याच दुकानातल्या, रोखीनं.

बाकीची पोरं भाड्याच्या माशांवर खेळायची.
मासे मनिलातल्या कुणा साहेबाचे,
अर्धे मोती त्याचे.
ह्याला ते शिष्यवृत्ती म्हणायचे.
आर्सेनियाच्या मुलानं शाळा सोडली,
तर ती सांगत सुटली, पोराला शिष्यवृत्ती मिळाली.
खोटं कुठे होतं?

बदल मंगळवारी पहाटे आला,
गावात वीज नसताना.
'खेळाच्या आरोग्यासाठी
रोजच्या कामाचं बक्षीस पन्नासवरून शून्य करत आहोत.
अव्वल खेळाडूंना मात्र अधिक मिळेल.
धन्यवाद, आणि मजा करा.'
शेवटची ओळ आर्सेनियानं
मुलाकडून दोनदा वाचून घेतली.

साहेबाचा निरोप दुपारी आला.
अंगठा, आणि हसरा चेहरा.

लहानपणी एखादं पोर आम्ही खेळात घ्यायचो,
पण त्याच्यावर राज्य कधी येत नसे,
ते बाद झालं तरी मोजत नसू.
कच्चं लिंबू.
सगळ्यांत जीव तोडून तेच धावायचं.
टोपलीतली कालामान्सी निवडता निवडता
मला हे आठवलं,
आणि मग हेही, की बहुतेक वेळा
ते पोर म्हणजे मीच असायचे.

किलोला सहा मोती.
किलोला चाळीस.
पावसाळी जत्रेच्या आठवड्यात दोनशे दहा.
त्यापुढे मी आकडा लिहायचं सोडलं,
नुसती आडवी रेघ.
माझ्या मोबाइलमध्ये अकराशे बारा मोती पडून आहेत,
लोकांची फिटलेली उधारी.
'जमा' असं मीच लाल शाईनं लिहून दिलंय,
आता कुणाची कडी वाजवू?

अव्वल कोण आहेत, कुणाला माहीत नाही.
इथून कुणी गेलेलं नाही.

वेन्सेस्लाओ पुन्हा तीनचाकी चालवतो.
तीच. नवा मालक रोजचे दीडशे घेतो,
रंग मात्र त्यानं बदललेला नाही.
म्हणजे बाप भाडं भरतो
आणि लेकीचं नाव धक्क्यावरून बाजारात नेतो,
बाजारातून धक्क्यावर आणतो.
फ्लोर्देलिसा त्या गाडीत बसत नाही.
चालत जाते शाळेला.

संध्याकाळी तो मोबाइल चार्जिंगला लावतो माझ्याकडे,
पाच पेसो.
बाकावर बसून माशांना खाऊ घालतो,
एकेकाला, अंगठ्यानं.

'आता काही मिळत नाही ना त्यातून?'
'नाही.'
'मग?'
'घातलं नाही तर दिवे विझतात त्यांचे.'

मी वही उघडली.
नाव लिहिलं. जिन्नस : चार्जिंग.
रक्कम पाच. त्यानं सही केली.
पाचवा रकाना कोरा राहिला,
आणि पुढची सगळी पानं
मी आधीच आखून ठेवलेली आहेत.